मदत हवी आहे: पीटरहॉफच्या सॅमसन कारंज्याचं नक्की साल कुठलं?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आईबाबांना घेऊन रशियाला जाऊन आलो. सेंट पीटर्सबर्गहून बोटीने पीटरहॉफलाही गेलो, म्हणजे पीटर द ग्रेटचा उन्हाळी राजवाडा आणि त्याच्या खाली पार समुद्रापर्यंत गेलेली बाग. आता सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी बाबांनी प्रवासवर्णन कबूल केलंय आणि टायपिंग अर्थातच माझ्या गळ्यात.

घोडं अडलंय ते सॅमसनपाशी. सिंहाचा जबडा फाडणारा तो सोनेरी पुतळा, त्याच्यापुढे बाबांच्या डायरीत तीन सालं आहेत: १७३५, १८०१, १९४७. तिन्हींपुढे प्रश्नचिन्ह! गाईड बाई भरभर बोलत होत्या आणि पाण्याच्या आवाजात निम्मं कळलंच नाही. चुकीचं छापून आलं तर बी विंगमधले काका (इतिहासाचे मास्तर होते) वर्षभर ऐकवणार.

शिवाय बाबा लिहितायत की तिथे एकही पंप नाही. दीडशेच्या आसपास कारंजी, सिंहाच्या तोंडातून वीस मीटर धार, आणि पंप नाही? आणि रास्त्रेल्ली हे नाव एकदा पुतळ्याशी आलंय, एकदा राजवाड्याशी, तर हा एकच माणूस का? अंक शुक्रवारी छापायला जातोय, प्लीज.

रिटायर्ड_पाटबंधारे:
बाबांचं बरोबर आहे, पंप नाही. पाणी येतं रोपशाच्या उंचवट्यावरून, साधारण २२ किलोमीटरच्या कालव्याने, तुवोल्कोव नावाच्या इंजिनिअरने १७२०-२१ मध्ये काढलेला. वरच्या बागेतले चौकोनी तलाव बघितलेत ना, ते शोभेचे वाटतात पण खालच्या कारंज्यांच्या टाक्या आहेत त्या! पीटरने आधी काम स्ट्रेल्नाला काढलं होतं, तिथे पाणी हवं तेवढं उंच मिळेना म्हणून मुक्काम इकडे हलवला. १७२३ च्या ऑगस्टमध्ये थाटात उद्घाटन. आमच्या खात्यात असं वेळेत झालेलं काम मी एकच बघितलं, ते पण विहिरीचं.

नेवाकाठचा_डॉक्टर:
तिथे एमबीबीएसला होतो, पाहुणे आले की पीटरहॉफ ठरलेलं, त्यामुळे पाठ आहे. तिन्ही सालं बरोबर! १७३५ चा पहिला सॅमसन शिशाचा. पीटरने पोल्टावाच्या लढाईत स्वीडनला हरवलं १७०९ मध्ये, तो दिवस संत सॅमसनचा, आणि सिंह स्वीडनच्या राजचिन्हातला, म्हणून हा देखावा. शिसं खराब झालं, मग १८०१ मध्ये कोझ्लोव्स्कीने ब्राँझचा नवीन केला. १९४१ च्या सप्टेंबरात जर्मन आले ते १९४४ च्या जानेवारीपर्यंत तिथेच होते, राजवाडा जळाला आणि सॅमसन गायब झाला तो आजतागायत सापडला नाही. जुने फोटो बघून सिमोनोवने तिसरा घडवला, तो १९४७ मध्ये ट्रकवर उभा करून लेनिनग्राडच्या (म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्याच) रस्त्यांवरून मिरवत नेला. म्हणजे तुमच्या बाबांनी बघितला तो १९४७ चा. राजवाड्यातली दालनंही युद्धानंतर परत उभी केलेली आहेत, पहिली काही १९६४ मध्ये उघडली.

रास्त्रेल्ली दोन, बाप आणि लेक. शिशाचा सॅमसन बापाचा. राजवाडा लेकाने पीटरच्या मुलीसाठी, एलिझाबेथ राणीसाठी १७४७ ते १७५५ मध्ये वाढवला. पीटरला स्वतःला खाली समुद्राकाठचं मोंप्लेझिर, म्हणजे विटांचं छोटं महालवजा घर, जास्त आवडायचं, ते बघितलं नसेल तर वाईट वाटेल मला.

धागाकर्ता:
दोघांचेही खूप आभार! मोंप्लेझिर बघितलं ना, तिथेच तर गंमत झाली, बाकापुढच्या गोट्यांवर कुठेतरी पाय पडला की अंगावर पाणी उडतं, तिथे बाबा पंधरा मिनिटं एकेक गोटा दाबून बघत होते, आई छत्री धरून मागे. लेखात लिहिलंय की डावीकडून सातवा गोटा.

नेवाकाठचा_डॉक्टर:
अहो, गोट्याबिट्यात काही नसतं. बाजूच्या टपरीत एक माणूस बसलेला असतो, तो वॉल्व्ह फिरवतो 😄

धागाकर्ता:
बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, त्या डॉक्टरला म्हणावं मी भिजलोय, सातवाच होता. ती ओळ तशीच जातेय.