वेगळ्या श्रद्धांच्या माणसांनी एकत्र बसायचं तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न: आमच्या ग्रुपमधे वेगवेगळ्या धर्मांचे लोक आहेत, दोघंतिघं देव न मानणारे पण आहेत, माणसं सगळी चांगली पण देवाचा विषय निघाला की पाच मिनिटांत आवाज चढतात. मला मनापासून वाटतं आत कुठेतरी आपण एकच शोधतोय. कुणी एकत्र बसून बघितलंय का?

उत्तर: सिद्धांतांवरून सुरू करू नका, वादच होणार. आम्ही आधी दहा मिनिटं नुसतं शांत बसायचो, क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या लोकांच्या मूक प्रार्थनेसारखं, प्रवचन वगैरे काही नाही. मग एकच प्रश्न, घरातलं कुणी गेलं तेव्हा तुम्हाला कशाने सावरलं? एकदा सगळ्यात जास्त भांडणारे काका बोलता बोलता थांबले, चष्मा काढून हातात धरून बसले, आणि शेजारच्या नास्तिक मुलीने काही न बोलता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

अजून एक: सहमत. फक्त 'सगळे धर्म एकच' असं म्हणू नका प्लीज, ज्याची श्रद्धा खोल आहे त्याला आपलं काहीतरी पुसून टाकल्यासारखं वाटतं. १८९३ मधे शिकागोला सर्वधर्म परिषद भरली तिथेही लोक आपापल्या परंपरेतूनच बोलले.

प्रश्नकर्ता: पटलं. रविवारी आधी नुसतं शांत बसून बघतो.