अंगावर धावून येणाऱ्याला कसं आवरलंत? (अनुभव धागा)

धागा काढायचं कारण सांगतो. मागच्या रविवारी बॉक्सिंगच्या स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) एका नव्या पोराने मला दोन मिनिटांत भिंतीला लावलं. आमच्याकडे रिंग नाही. सातपूरला पत्र्याच्या शेडमध्ये मॅट टाकून सराव चालतो, त्यामुळे रोपच्या (रिंगच्या दोरांच्या) जागी भिंतच. त्याचं वय एकोणीस, माझं चौतीस. तंत्राच्या नावाने शून्य, नुसता बुलडोझर. पण वेळ संपली तेव्हा धापा मी टाकत होतो, तो नाही. असा धसमुसळा गडी ज्यांनी झेललाय त्यांनी लिहा. ऐकीव नको, अंगावर घेतलेलं लिहा.

सिडको, ६० किलो

दादा, तुमचं दुखणं माझंही होतं. मी मागे जायचो, तेही सरळ रेषेत. अंगावर येणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. पुढे धावणारा मागे पळणाऱ्यापेक्षा कधीही वेगवान, आणि मागे जाताना आपलं वजन टाचांवर जातं, म्हणजे आपल्या ठोशात काही उरत नाही.

आमच्या सरांनी यावर औषध काढलं. पिंपळगावहून कोणीतरी द्राक्षं आणली होती, त्याचं रिकामं क्रेट त्यांनी माझ्या मागे दोन पावलांवर ठेवलं आणि समोर पॅड घेऊन अंगावर यायला लागले. मागे गेलो की क्रेटची कड पिंढरीत. पहिल्या दिवशी पाच-सहा वेळा लागली, घरी जाऊन हळद लावली. तिसऱ्या दिवशी पाय आपोआप बाजूला निघायला लागला. एकच पाऊल मागे, मग डाव्या चवड्यावर वळायचं आणि उजवा पाय मागून फिरवायचा. समोरचा आपण जिथे होतो तिथे जाऊन पोचतो, आपण त्याच्या बगलेत. तो वळेपर्यंत एक क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), फार तर दोन ठोसे. तिसऱ्याची हाव धरली की पुन्हा त्याच्या तावडीत.

फक्त त्याचा उजवा हात जड असेल तर सारखं त्याच बाजूला वळू नका. हे मी हनुवटीवर खाऊन शिकलोय.

नाशिकरोड, ५१ किलो, मुलगी

माझी उंची कमी, त्यामुळे समोरच्या बहुतेक मुली लांबून धावत येतात. मी जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) डोक्यावर मारायचे आणि तो हवेत जायचा, कारण पुढे येणारी मुलगी डोकं हलवतच येते. मग ताईंनी (आमच्या कोच) सांगितलं, छातीवर मार. छाती हलत नाही. गुण मिळो न मिळो, धाव मोडते.

वेळ महत्त्वाची. तिचा पुढचा पाय जमिनीला टेकायच्या क्षणी जॅब लागायला हवा. तेव्हा तिला ना थांबता येतं ना वळता येतं, ती स्वतःच्याच वेगाने आपल्या मुठीवर आदळते. खो-खोत पाठलाग करणारीला हुलकावणी देताना आपण तिचे पाय बघतो ना, तसंच. मी शाळेत खो-खो खेळायचे म्हणून मला हे पटकन जमलं असावं.

पंचवटी, आधी तालीम, आता बॉक्सिंग

मी क्लिंचवाला, म्हणजे समोरच्याला कवेत धरून ठेवणारा. जवळ आला की त्याचे दोन्ही हात कोपराच्या वर काखेत दाबायचे, डोकं त्याच्या खांद्याला लावायचं आणि अंगाचं वजन त्याच्यावर सोडून द्यायचं. माझं वजन पेलून त्याचेच पाय जड होतात, मला दोन श्वास मिळतात.

पण जपून. पहिल्याच लढतीत सवयीने मी त्याला कमरेतून उचलला. रेफ्रीने थांबवून सांगितलं, इथे चीतपटीला गुण नाहीत. सगळं मैदान हसलं. हौशी बॉक्सिंगमध्ये धरून ठेवलं की रेफ्री टोकतो आणि पुन्हा पुन्हा केलं तर गुण कापला जातो, म्हणून फेरीत एखाद-दुसऱ्या वेळेलाच.

गंगापूर रोड

माझा अनुभव कसं करू नये याचा आहे. १९७४ साली किन्शासात मुहम्मद अलीने जॉर्ज फोरमनला रोपला टेकून मारू दिलं, दमवलं आणि आठव्या फेरीत झोपवलं, ती लढत मी शंभरदा पाहिलीय. मग आपणही. गार्ड लावून (हात तोंडासमोर आडवे धरून) कोपऱ्यात उभा राहिलो, म्हटलं दमेल आपोआप.

दमला ना! पण तोवर तिसरी फेरी संपली होती. अलीची लढत पंधरा फेऱ्यांची ठरलेली होती. आपल्याकडे तीन फेऱ्या, प्रत्येकी तीन मिनिटं. नऊ मिनिटांत कोण दमणार? पाचही जजनी त्याला दिलं, बरोबरच दिलं. शिवाय अली नुसता मार खात नव्हता, मधूनमधून सरळ ठोसे फोरमनच्या तोंडावर बसत होते, हे मला हरल्यावर पुन्हा बघताना दिसलं.

बरीच वर्षं जज म्हणून बसलेला

वरच्या मुलाने लिहिलंय त्यात एक भर. हातावर, गार्डवर बसलेल्या ठोशांना किंमत नसते. मुठीच्या पुढच्या भागाने, नीट, डोक्यावर किंवा पोटावर लागलेला ठोसा धरतात. मात्र समोरच्याने आठ मारले आणि तुम्ही सगळे अडवून गप्प राहिलात, तर जजला दिसतो तो फक्त एकच बॉक्सर. अडवलं की लगेच उत्तर द्या. एक चालेल, पण स्वच्छ हवा. आणि तो हात वर घेऊन घुसतो तेव्हा बरगड्या उघड्या पडतात. उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली यकृत असतं. तिथे डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) नीट बसला की भल्याभल्यांची धाव आटोपते.

अंबड

श्वास सोडा. मार चुकवताना मी श्वास रोखून धरायचो, एका मिनिटात हात शिशाचे. बाकी सगळं नंतर.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल क्रेट ठेवून पाहिलं. पहिल्या वेळेला बाजूला निघालो, छातीवर जॅबही बसला, पोरगं चक्क थबकलं. दुसऱ्या वेळेला श्वासाकडे लक्ष द्यायला गेलो आणि क्रेटसकट उताणा. पोराने हात देऊन उठवलं, वर विचारतो कसा, "काका, हे काय नवीन?" त्याला या धाग्याबद्दल सांगितलेलं नाही. क्रेट मोडलं. दुसरं कोणाकडे असेल तर सांगा.