लुगोसीचं इंग्रजी आणि त्याची युनियन

ड्रॅक्युलाची भूमिका गाजवणारा हंगेरियन नट बेला लुगोसी याच्याबद्दल 'त्याला इंग्रजी येत नव्हतं, ड्रॅक्युलाचे संवाद त्याने नुसते घोकले होते' असं या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय, पण तो किस्सा चुकीच्या नाटकाला चिकटलाय. अर्थ न कळता उच्चार पाठ करून तो उभा राहिला ते न्यूयॉर्कमधल्या पहिल्या इंग्रजी नाटकात, १९२२ साली. 'ड्रॅक्युला' ब्रॉडवेवर आलं १९२७मध्ये, सिनेमा १९३१चा. तोवर भाषा बऱ्यापैकी अंगवळणी पडली होती. हंगेरियन वळण मात्र शेवटपर्यंत सुटलं नाही, आणि त्यामुळेच पुढे हॉलिवूडने त्याला भयपटांच्या खोक्यात कोंबलं.

त्याच्या आयुष्यातली युनियनची बाजू इथे कुणीच काढली नाही. बुडापेस्टच्या नॅशनल थिएटरमधला हा नट हंगेरीतल्या १९१९च्या कम्युनिस्ट क्रांतीत नटांची संघटना बांधण्यात पुढे होता. त्या क्रांतीचा नेता बेला कुन याचं सरकार कोसळल्यावर त्याला देश सोडावा लागला. व्हिएन्ना, मग जर्मनी, आणि १९२०च्या अखेरीस जहाजाने थेट न्यू ऑर्लिन्स. एवढं पोळल्यावर दुसरा कुणी गप्प बसला असता. हा पठ्ठ्या १९३३मध्ये स्थापन झालेल्या स्क्रीन ॲक्टर्स गिल्डच्या, म्हणजे हॉलिवूडच्या नटांच्या युनियनच्या, अगदी सुरुवातीच्या सभासदांत होता! 'ड्रॅक्युला' सिनेमासाठी त्याला आठवड्याला ५०० डॉलर, म्हणजे सात आठवड्यांचे एकूण जेमतेम साडेतीन हजार मिळाले, हे पाहिलं तर त्यात नवल नाही.

आणि अभिनय बघायचाच तर १९३९च्या 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मधला मोडक्या मानेचा इगोर बघा. झगा नाही, रुबाब नाही, तरी बाकीच्यांना खाऊन टाकतो.