'युगान्त' संपवलं आणि माझा कर्ण हातातून निसटला

केतकी_वाचते
परवा रात्री इरावती कर्वे यांचं महाभारतातल्या माणसांवरचं 'युगान्त' वाचून संपलं. नववीच्या सुट्टीत शिवाजी सावंतांचं कर्णावरचं 'मृत्युंजय' वाचलं होतं. शेवटची पानं रडत रडत वाचली होती. तेव्हापासून कर्ण म्हणजे माझा माणूस. त्याच्याविरुद्ध कुणी ब्र काढला तरी मी भांडायचे.

इरावतीबाई त्याला दानशूर वगैरे म्हणून सोडून देत नाहीत. द्यूतसभेत द्रौपदीला 'बंधकी', म्हणजे कुलटा, कोण म्हणालं? तिची वस्त्रं उतरव असं दुःशासनाला कोणी सांगितलं? कर्णानंच. मग घोषयात्रा, म्हणजे गुरं मोजायच्या निमित्तानं कौरव वनवासातल्या पांडवांना खिजवायला जातात तो प्रसंग. दुर्योधनाला गंधर्व धरून नेतात आणि त्याचा हा जिवाभावाचा मित्र त्याआधीच रणातून निघून गेलेला असतो. हे सगळं वाचताना मला स्वतःचा राग आला. एवढी वर्षं मी एका कादंबरीलाच महाभारत समजत होते. आता 'मृत्युंजय' पुन्हा हातात घ्यावंसं वाटत नाही.

सुतपुत्र_७
ताई, मला हे अजिबात पटलं नाही. शिवाजी सावंतांनी १९६७ साली कादंबरी लिहिली, महाभारताचा सारांश नव्हे. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, श्रीकृष्ण अशा सहा जणांना त्यांनी बोलतं केलं. जन्मावरून हिणवला गेलेला माणूस आतून कसा जळत असेल, हे त्यांनी घराघरात पोचवलं. आमच्या गावच्या वाचनालयातली प्रत हाताळून हाताळून पार खिळखिळी झाली आहे. आणि सुरुवात द्रौपदीनंच केली ना? भर स्वयंवरात 'सूताला वरणार नाही' म्हणाली.

केतकी_वाचते
तिथेच तर गोम आहे, दादा! महाभारताच्या भांडारकर संस्थेनं काढलेल्या चिकित्सक आवृत्तीत ते वाक्य मूळ संहितेत नाहीच, पाठभेदांत टाकलं आहे. १९१९ ते १९६६ एवढी वर्षं हस्तलिखितं ताडून पाहत ही आवृत्ती तयार झाली आणि इरावतीबाईंनी तीच प्रमाण मानली. म्हणजे द्रौपदीनं न केलेल्या अपमानाचा सूड आपण सगळे समर्थनीय ठरवत आलो.

सुतपुत्र_७
हे मला ठाऊक नव्हतं. मान्य. पण ते वाक्य घालणारेही आपल्यासारखेच माणसं होते. त्यांनाही कर्णाची जखम दिसली असेल, म्हणूनच घातलं. आणि राजपुत्रांच्या शस्त्रपरीक्षेच्या आखाड्यातला प्रसंग तर मूळचाच आहे ना? कृपाचार्य कुळ विचारतात आणि कर्णाची मान खाली जाते, पावसात भिजून वाकलेल्या कमळासारखी. ही उपमा व्यासांची आहे, सावंतांची नव्हे.

माई_कोल्हापूर
दोघांनीही उद्योगपर्व वाचा बाळांनो. कृष्णाशी बोलताना कर्ण स्वतः म्हणतो, दुर्योधनाला खूश करायला मी पांडवांना लागेल असं बोललो, त्याचा आज पश्चात्ताप होतो. त्याला त्याची चूक कळत होती. मी ही दोन्ही पुस्तकं माझ्या सुनेला दिली आहेत, एकाच वेळी.

केतकी_वाचते
माई, पश्चात्ताप पांडवांविषयी. द्रौपदीचं नाव तिथे येत नाही, आणि मला तेच सलतं.

कमळाची उपमा मात्र मी विसरले होते. दादा, ती वाचून पुन्हा गलबललं. तरीही सभापर्व डोळ्यांसमोरून हलत नाही. 'आधी स्वतःला हरलेला नवरा मला पणाला लावू शकतो का', हा द्रौपदीचा प्रश्न. भीष्म उत्तर टाळतात. कौरवांतला एकटा विकर्ण उठून म्हणतो, ती जिंकली गेलेली नाही. त्याला 'तू पोर आहेस, तुला धर्म काय कळतो' म्हणून खाली बसवणारा कर्णच. ज्याला भर आखाड्यात बोलू दिलं नाही, त्यानं दुसऱ्याचं तोंड बंद केलं. आणि पुढे गंधर्वांनी रथ मोडल्यावर कर्ण निसटतो कोणाच्या रथात बसून? त्याच विकर्णाच्या.

सुतपुत्र_७
विकर्णाचं खरंच लक्षात आलं नव्हतं. आज वनपर्व काढतो. 'मृत्युंजय' मात्र कपाटातून हलवणार नाही.