उत्तर: स्वयंसेवकांचे भोजन, वाइन आणि २० टक्के सर्व्हिस चार्ज

सुहास (खजिनदार), मंगळवार
नमस्कार मंडळी,
स्वयंसेवकांच्या भोजनासाठी रेस्टॉरंटकडून कराराचा मसुदा आला आहे आणि शुक्रवारपर्यंत सही करून अनामत भरायची आहे. जेवणाचा दर बैठकीत ठरला तोच आहे, त्यावर पुन्हा चर्चा नको. अडचण सहाव्या कलमाची आहे. त्यात ‘संपूर्ण बिलावर २० टक्के सर्व्हिस चार्ज’ लावला आहे, वाइनही त्यातच धरली आहे आणि त्याखाली टिपसाठी आणखी एक रिकामी ओळ ठेवली आहे. आपली वाइन ग्लासला १५ डॉलर आणि बाटलीला ६० डॉलर आहे. बारा जण प्रत्येकी दोन ग्लास घेतील असे धरले, तर ग्लासांनी ३६० डॉलर होतात. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून दीडशे मिलिलिटरचे पाच ग्लास निघतात, त्यामुळे पाच बाटल्या ३०० डॉलरमध्ये बसतात. दोन्ही आकड्यांवर २० टक्के आणि त्यावर सेल्स टॅक्स. एवढे दिल्यावर टिप वेगळी द्यायची का, आणि वाइनवर टक्केवारीने पैसे का द्यायचे, एवढेच मला सांगा.

मेधाताई, मंगळवार
सुहास, मी खजिनदार असताना हा प्रश्न आलाच नव्हता, कारण आपण बाटल्या स्वतः नेत होतो. याच मसुद्याच्या सातव्या कलमात कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली तिथे उघडण्याचे शुल्क, बाटलीमागे २५ डॉलर लिहिले आहे, ते तू वाचले नसावेस. दुकानातील २० डॉलरच्या पाच बाटल्या आणि त्यांचे कॉर्केज मिळून २२५ डॉलर होतात. रेस्टॉरंटमध्ये बाटलीचा भाव साधारणपणे घाऊक भावाच्या तिप्पट असतो आणि एका ग्लासची किंमत बहुधा त्या बाटलीच्या घाऊक किमतीएवढी ठेवतात, म्हणजे पहिला ग्लास भरला की त्यांची बाटली वसूल झालेली असते. उरलेल्या अर्ध्या बाटलीची चव दुसऱ्या दिवशी उतरते, हे त्यांचे नुकसान मला मान्य आहे, परंतु ते आपल्या मंडळाने का भरून द्यावे? शिवाय हा गुणाकार स्वस्त बाटल्यांना अधिक आणि महाग बाटल्यांना कमी लागतो, त्यामुळे यादीतील सर्वांत स्वस्त वाइन निवडून आपण काटकसर केली असे समजण्यात अर्थ नाही.

श्रीरंगकाका, बुधवार
मेधाताईंचे गणित बरोबर असले तरी मुळात ग्राहकाला गणित करावे लागणे हाच दोष आहे. फ्रान्समध्ये १९८७ च्या आदेशानुसार मेन्यूवर छापलेल्या किमतीत सेवेचे पैसे धरलेलेच असतात. कर वेगवेगळा असतो, जेवणावर १० टक्के आणि मद्यावर २० टक्के, परंतु तोही छापील किमतीच्या आतच असतो. त्यामुळे बाटलीसमोर जो आकडा दिसतो तोच द्यायचा, आणि सेवा फार आवडली तर टेबलावर थोडी नाणी ठेवायची. लंडनला आमच्या वेळी बिलावर साडेबारा टक्के ‘ऐच्छिक’ म्हणून येत आणि नको म्हणण्याचे धाडस कोणी करत नसे. ते पैसे मालकाच्या खिशात राहतात अशी तक्रार वर्षानुवर्षे चालली होती. अखेर २०२३ मध्ये कायदा झाला, तो १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला आणि आता टिप व सर्व्हिस चार्जची सर्व रक्कम कर्मचाऱ्यांनाच द्यावी लागते. तिथे वाइनचा १२५ मिलिलिटरचा लहान ग्लास उपलब्ध ठेवण्याचेही बंधन आहे. इथल्या रेस्टॉरंटला आपण सरळ लिहावे की सर्व काही धरून एकच दर सांगा.

निखिल, बुधवार
काका, सिंगापूरला दर छापताना पुढे अधिकची दोन चिन्हे असतात. पहिले १० टक्के सर्व्हिस चार्जचे आणि दुसरे जीएसटीचे. तो २०२४ पासून ९ टक्के आहे आणि सर्व्हिस चार्ज मिळवून झाल्यावर त्या बेरजेवर लागतो. तो सर्व्हिस चार्ज वेटरला मिळेलच असे नसते, तरीही त्यावर टिप देण्याची पद्धत नाही. इथे मात्र मी टिप देण्याच्याच बाजूचा आहे, कारण अमेरिकेत वेटरला तासाला २.१३ डॉलर मिळतात आणि तो आकडा १९९१ पासून बदललेला नाही. बाटली ६० ची असो वा १२० ची, कॉर्क काढण्याचे कष्ट तेवढेच, हे मान्य. परंतु तो हिशोब वेटरच्या पोटावर पाय देऊन करू नये.

अनघा, बुधवार
निखिल, २.१३ हा केंद्राचा किमान दर आहे आणि तो आपल्याला लागू नाही. कॅलिफोर्नियात टिपचे पैसे पगारात वळते करून घेण्यास मालकाला बंदी आहे, त्यामुळे वेटरलाही राज्याचे पूर्ण किमान वेतन, म्हणजे २०२५ मध्ये तासाला १६.५० डॉलर, द्यावेच लागते. आपल्या शेजारच्या नेवाडा आणि ओरेगन, तसेच त्यापलीकडच्या वॉशिंग्टन या राज्यांतही हीच पद्धत आहे.

तरीही वाइन वगळून टिप द्यावी असे मला वाटत नाही. विद्यार्थी असताना मी एका रेस्टॉरंटमध्ये काम केले आहे. रात्री टेबले आवरून झाली की यंत्रातून प्रत्येकीच्या नावाची विक्रीची पट्टी निघायची, आणि तिच्यावरच्या एकूण विक्रीच्या ठरावीक टक्के रक्कम आपल्या टिपमधून बारवाल्याला आणि ताटे उचलणाऱ्या मुलांना द्यावी लागायची. पट्टीवर वाइनची विक्री धरलेली असायची. ग्राहकाने वाइनवर टिप दिली की नाही, हे पट्टीला ठाऊक नसायचे. एखाद्या टेबलाने दोन महाग बाटल्या घेऊन केवळ जेवणावर टिप दिली, तर त्या बाटल्यांचा वाटा आमच्या खिशातून जायचा. श्रीरंगकाका, सर्व धरून एकच दर हा प्रयोग इथे झालेला आहे. न्यूयॉर्कच्या डॅनी मेयर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांतून टिप बंद केली होती आणि २०२० मध्ये ती पुन्हा सुरू केली.

मेधाताई, बुधवार
अनघा, तुझा अनुभव मोलाचा आहे, परंतु बारवाल्याचा वाटा कोणी द्यायचा हा त्या रेस्टॉरंटचा अंतर्गत प्रश्न झाला. कॉर्केज दिले की विक्रीच्या पट्टीवर ३०० ऐवजी १२५ डॉलरच येतात आणि वेटरलाही भुर्दंड बसत नाही, हे कोणी पाहिले का?

विवेक, गुरुवार
मी हिशेब तपासण्याच्या व्यवसायात असल्याने एक मुद्दा मांडतो, जो आतापर्यंत निसटला आहे. सहाव्या कलमातील २० टक्के ही कायद्याच्या दृष्टीने टिप नाही. ग्राहकाच्या मर्जीवर नसलेली रक्कम केंद्रीय करखाते २०१४ पासून सर्व्हिस चार्ज म्हणूनच धरते; ती रेस्टॉरंटचे उत्पन्न असते आणि त्यातून कर्मचाऱ्याला जे दिले जाते तो पगार ठरतो. ती कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचवणे ओकलंडसारख्या काही शहरांनी बंधनकारक केले आहे, सर्वत्र ते तसे नाही. उलट खुशीने दिलेली टिप आपल्या राज्यात संपूर्णपणे कर्मचाऱ्याची असते, आणि ती कार्डाने दिली तरी कार्डाचे शुल्क मालकाला तिच्यातून कापता येत नाही.

याचे दोन परिणाम होतात. सक्तीच्या सर्व्हिस चार्जवर सेल्स टॅक्स लागतो, खुशीच्या टिपवर लागत नाही. तेवढे पैसे आपले वाचतील. दुसरे म्हणजे, २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी टिपच्या उत्पन्नावर २५,००० डॉलरपर्यंत केंद्रीय प्राप्तिकराची वजावट मिळते, परंतु सक्तीच्या सर्व्हिस चार्जमधून मिळालेल्या पैशांना ती सवलत नाही. म्हणजे तीच रक्कम आपण टिपच्या ओळीत लिहिली, तर देणारा आणि घेणारा दोघेही फायद्यात राहतात. तेव्हा सहावे कलम काढून टाकण्याची विनंती करावी. ते नकार देतील तर ही रक्कम वेटरांना मिळते की नाही हे लेखी विचारावे, आणि मिळत असेल तर खालची ओळ निःशंकपणे रिकामी सोडावी.

सुहास, गुरुवार
विवेक, धन्यवाद. मी आज असे लिहितो की सहावे कलम काढा, आणि मंडळ त्याऐवजी २० टक्के टिप देईल अशी आम्ही करारातच हमी देतो.

निखिल, गुरुवार
थांब. करारात आकडा लिहिला की ती रक्कम पुन्हा सक्तीचीच झाली आणि विवेकने सांगितलेले दोन्ही फायदे गेले. कलम काढण्याची विनंती कर, आकडा लिहू नकोस. मोठ्या गटांच्या बाबतीत टिप बुडेल अशी त्यांना भीती असते, म्हणूनच हे कलम असते; तेव्हा मागच्या वर्षीच्या भोजनाचे बिल त्यांच्याकडेच आहे, त्यावरची टिपची ओळ पाहा, असे फोनवर सांग.

श्रीरंगकाका, गुरुवार
करारातून काढायचे, फोनवर सुचवायचे आणि बिलावर लिहायचे, एवढी कसरत एका जेवणासाठी! पाटीवर एक दर असता तर ही ई-मेलची देवाणघेवाण झालीच नसती. असो, माझी हरकत नाही. मात्र जे वाइन घेत नाहीत त्यांच्या वर्गणीतून ती येऊ नये, एवढे पाहावे.

सुहास, शुक्रवार
उत्तर आले आहे. जेवणावरचा सर्व्हिस चार्ज काढण्यास त्यांनी नकार दिला, परंतु तो संपूर्णपणे सेवकवर्गात वाटला जातो असे लेखी दिले आहे. त्यामुळे जेवणाच्या बिलावर वेगळी टिप दिली जाणार नाही. वाइनचे बिल वेगळे होईल, ते घेणाऱ्यांनीच भरायचे आहे आणि त्यावर सर्व्हिस चार्जची सक्ती नाही. तिथली टिप घेणाऱ्यांनी ठरवावी. यादीतील एक बाटली घेतली की बाहेरच्या एका बाटलीचे कॉर्केज माफ करतात, असेही व्यवस्थापक म्हणाले. म्हणजे दोन बाटल्या त्यांच्याकडून, तीन आपल्या, आणि कॉर्केज एकाच बाटलीचे.

मेधाताई, शुक्रवार
तीन बाटल्या मी आणते. पावती तुझ्याकडे देईन. त्यांच्या यादीत जी वाइन आहे तीच बाहेरून नेणे शिष्टाचाराला धरून नाही, तेव्हा ती यादी मला आजच पाठव. लाल दोन आणि पांढरी एक, असे मी धरून चालले आहे.