निकाल लागण्याआधीचे दिवस: विश्वासानं तुम्हाला काय दिलं? (अनुभव धागा)

चर्चमधल्या साक्षी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं, आपण सगळ्यांनीच ऐकल्यात. आजार गेला, नोकरी लागली, प्रभूची स्तुती असो! आनंदच आहे. पण साक्ष द्यायला माणूस उभा राहतो तोवर सगळं मार्गी लागलेलं असतं. मला त्याच्या आधीचं विचारायचंय. पुढे काय होणार हे कळत नव्हतं, तेव्हा ख्रिस्तावरच्या विश्वासाचा काय आधार वाटला? वाटला नसेल तर तेही लिहा.

सुरुवात मी करतो. कंपनी बंद पडली, घराचा हप्ता चालू. 'उद्याची चिंता करू नका' हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं वचन लोक इतक्यांदा पाठवत होते की फोन उघडायचाही कंटाळा यायला लागला. सावरलं ते त्याच अध्यायातल्या प्रभूच्या प्रार्थनेनं. तिच्यात भाकर मागितली आहे ती फक्त आजची. मग बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा सोळावा अध्याय काढला. रानात इस्राएल लोकांनी मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, गोळा करायचा तो त्या दिवसापुरताच. सकाळपर्यंत ठेवला की किडे पडायचे. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढी दुप्पट घ्यायची मुभा. मी रोज सकाळी कागदावर आजचं काय ते लिहायला लागलो: एक अर्ज, बँकेला फोन, मुलीचं गणित. परवाचं काही लिहायचं नाही, एवढाच नियम. हप्त्याची भीती गेली नाही. झोप मात्र लागायला लागली.

---

मी नर्स आहे. 2020 मध्ये कोविड वॉर्डात होते. किटच्या आत घाम डोळ्यांत उतरायचा आणि पुसता यायचा नाही. घरच्यांना व्हिडिओ कॉल लावून फोन पेशंटसमोर धरायचा, हे त्या दिवसांत रोजचंच झालं होतं. एकदा पलीकडून लहान मुलगा विचारत होता, "बाबा, चष्मा कुठे ठेवलाय?" त्याला काय सांगणार?

तेविसावं स्तोत्र म्हण, असं सगळे सांगायचे. देव मेंढपाळ होऊन हिरव्या कुरणांत नेतो, असं त्यात आहे. मला तेव्हा हिरवी कुरणं नकोशी वाटायची. मला धरून ठेवलं ते अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रानं. विलापाच्या बहुतेक स्तोत्रांना कुठेतरी वळण असतं, भरवसा परत येतो. यात येत नाही. ते अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी गाळलं नाही. सुरुवातीला एकदा देवाला तारणारा म्हणून हाक मारली आहे, आणि पुढे सगळी तक्रारच. म्हणजे तक्रारही प्रार्थनाच झाली की! ड्यूटीवर चढताना लिफ्टमध्ये तेवढी पहिली हाक मारायचे. त्यापुढचं सुचतही नव्हतं.

---

आम्ही कॅथलिक. यजमान गेल्यावर प्रार्थनेला स्वतःचे शब्द सुचेनात. जपमाळेत ते आधीच ठरलेले असतात, हेच बरं वाटलं. भाचा म्हणतो ही पोपटपंची. म्हणू दे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं, म्हणजे जप करताना मनात आणायचे येशूच्या दुःखाचे प्रसंग, अटकेआधी त्यानं प्रार्थना केली त्या गेथशेमनेच्या बागेपासून क्रूसापर्यंत. त्या दोन वारी आपल्याच घरातलं कुणी बोलतंय असं वाटतं.

---

थोडं कडू लिहितो. परदेशात व्हिसाचं काम अडकलं होतं. राहायचं की सामान बांधायचं, काहीच कळेना. चर्चच्या मंडळीतल्या एकांनी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 29:11 या वचनाचं कार्ड दिलं, देवाच्या मनात तुमच्या हिताचेच संकल्प आहेत म्हणून. वर "तुमचा विश्वास कमी पडतोय" हेही ऐकवलं. असल्या बोलण्यानं माणसं चर्चपासून दुरावतात, हे माझं स्पष्ट मत.

रागानं अख्खा अध्याय वाचला. ते यिर्मयाचं पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलात (बॅबिलोनला) नेलेल्या बंदिवानांना. अकराव्या वचनाच्या आधी दहावं आहे, आणि त्यात सत्तर वर्षं सांगितली आहेत! म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परत जायला मिळणारच नव्हतं. आणि त्याआधी सांगितलंय की घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे मला कार्डापेक्षा कितीतरी खरं वाटलं. खोकी उघडली, पुस्तकं कपाटात लावली, शेजारच्या आजोबांना भाषेच्या सरावाला बोलावलं. व्हिसाचं उत्तर अजून नाही.

---

मी श्रद्धाळू की नाही, मलाच ठाऊक नाही. गायनमंडळासाठी जातो. पण मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातलं वादळ मला आवडतं. नावेत पाणी भरतंय, येशू उशी घेऊन झोपलाय, आणि शिष्य त्याला उठवून जवळजवळ भांडतातच: आम्ही बुडतोय, तुला काहीच वाटत नाही का? ज्या धर्मग्रंथात हा प्रश्न विचारलेला चालतो, तिथे मी मागच्या बाकावर बसू शकतो.

---

यिर्मया निघालाच आहे म्हणून. बत्तिसावा अध्याय वाचा. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा, यिर्मया स्वतः राजाच्या कैदेत, आणि अशात तो चुलतभावाकडून अनाथोथ या आपल्या गावचं शेत विकत घेतो. सतरा शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी तोलून दिली, साक्षीदार उभे केले, खरेदीखत मडक्यात घालून ठेवायला सांगितलं, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. वेढ्यातल्या गावची जमीन कोण घेतं? भावना बाजूला ठेवून केलेला हा रीतसर व्यवहार मला सगळ्या धीराच्या भाषणांपेक्षा मोठा वाटतो.

आईची केमो संपली, पुढच्या स्कॅनची तारीख पडायची होती. त्याच आठवड्यात तिचा पासपोर्ट संपत होता. मी म्हणाले, राहू दे, नंतर बघू. ती म्हणाली, "अनाथोथ," आणि फॉर्म पुढे सरकवला. डोक्याला रुमाल बांधून गेली होती, फोटोच्या वेळी काढला. नवा पासपोर्ट दहा वर्षांचा आलाय. स्कॅन सोमवारी आहे. फोटो तिला अजिबात आवडलेला नाही, पुढच्या वेळी केस आल्यावर काढू म्हणते.