मदत हवी आहे: गल्लीतली कुत्री अंगावर येतात आणि आमचा कुत्रा बिथरतो (विक्रोळी)

पावट्याची_आई

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिते आहे, सांभाळून घ्या.

मी विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात राहते. आमच्याकडे पावटा आहे. म्हणजे कुत्रा. गल्लीतलाच, देशी, पिवळट तपकिरी, १९ किलो, वय अंदाजे तीन. जुलैच्या धो धो पावसात एका बंद पडलेल्या रिक्षाच्या मागच्या सीटखाली सापडला तेव्हा एवढासा होता, म्हणून ते नाव. सासूबाईंनी 'घरात कुत्रं नको' म्हणत दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या जुन्या गोधडीचा तुकडा फाडून त्याला अंथरून दिला. असो.

घरात सोन्यासारखा आहे. पट्टा लावून खाली उतरलं की वेगळाच प्राणी. कुत्रा दिसला, अगदी पलीकडच्या फुटपाथवर झोपलेला का असेना, की याच्या पाठीवरचे केस उभे, शेपूट ताठ आणि मग पट्टा ताणून मागच्या दोन पायांवर उभं राहून भुंकणं. माणसांशी वैर नाही, मांजरांशी थोडं आहे, कुत्र्यांशी पुरतं. आणि याचं भुंकणं ऐकून झोपलेली कुत्रीही उठून येतात. म्हणजे आगीत तेल आमचंच.

तरी फेब्रुवारीपर्यंत निभत होतं. मग समोरची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली, भोवती निळे पत्रे लागले आणि त्या कोपऱ्यावर चार कुत्र्यांची टोळी बसायला लागली. आमच्या गेटमधून बाहेर पडायला तोच एक रस्ता.

एप्रिलमध्ये व्हायचं ते झालं. रात्रीचे सव्वादहा. कोपऱ्यावरून वळलो आणि चौघं एकदम उठली. तिघं नुसती भुंकत होती. चौथा, काळपट, एक कान फाटलेला, तो मात्र आवाज न करता मान खाली घालून सरळ आला. मी 'हाड हाड' करत पट्टा आखडला आणि पावट्याला दोन पायांमध्ये दाबून धरलं. त्या काळ्याने पावट्याची मागची मांडी धरली, आणि पावट्याने गर्रकन वळून माझा हात. होय, मला चावला तो आमचाच. त्या क्षणी त्याला हात कुणाचा हे दिसलंसुद्धा नसेल. एका रिक्षावाल्याने बाटलीतलं पाणी फेकलं तेव्हा सुटले.

माझी इंजेक्शनं झाली. पावट्याची लस चालू आहे, तरी त्यालाही बूस्टर दिला. मांडी भरली. पण आता तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थरथरायला लागतो आणि खरं सांगायचं तर मीही. एका ट्रेनरला बोलावलं होतं. त्याने पहिल्याच दिवशी काटेरी पट्टा काढला. दोन दिवस पावटा भुंकला नाही, आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी शेजारच्या लॅब्राडॉरवर एकही आवाज न करता झेपावला. पट्टा परत केला, पैसे अर्थातच गेले.

तर विचारायचं हे की अशा वेळी नेमकं करायचं काय? समोरून टोळी येतेय, हातात १९ किलोचा पिसाळल्यासारखा वागणारा जीव, डावीकडे गटार, उजवीकडे लावलेल्या गाड्या. व्हिडिओंत सांगतात 'अंतर ठेवा'. मुंबईत अंतर आणायचं कुठून? आणि याची भीती कमी होईल का कधी?

कृपया 'काठी ठेवा' आणि 'सोडून द्या त्याला' हे दोन सल्ले नकोत. दोन्ही घरून मिळाले आहेत.

---

निशाचर

काठी नको म्हणालात तरी सांगतो. नाईट शिफ्टवरून येताना मी पंधरा वर्षं काठी बाळगतोय, एकही कुत्रा जवळ आला नाही.

---

खारी_बटर

@निशाचर, तुम्ही एकटे चालता. कुत्रा बरोबर असताना काठी उगारली की आपलाच कुत्रा आधी बिथरतो. आणि ज्या टोळीला रोज काठी दिसते ती पुढच्या वेळी लांबूनच तयारीत उठते. मारहाण हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, तो भाग वेगळा.

पावट्याची आई, माझी कुत्री सात वर्षं अशीच आहे. आधी त्या काटेरी पट्ट्याचं. कुत्रा दिसला की गळ्याला कळ, असं दोन दिवस झालं. त्यातून पावटा शिकला ते एवढंच की कुत्रा दिसणं म्हणजे दुखणं. भुंकलं तर जास्त दुखतं, म्हणून भुंकणं गेलं, भीती होती तिथेच राहिली. गुरगुरणं ही त्याची घंटा आहे, ती काढून घेऊ नका.

आता अंतराबद्दल. फुटांत मोजू नका, चिकनने मोजा. कुत्रा दिसल्यावर पावटा त्याच्याकडे बघतोय आणि तरीही तुमच्या हातातला तुकडा खातोय, तर अंतर पुरेसं आहे. तोंडाशी धरलेलं चिकन त्याने नाकारलं की अंतर संपलं, तिथे शिकवणी होत नाही, मागे फिरा. आणि क्रम महत्त्वाचा. आधी कुत्रा दिसला पाहिजे, मग चिकन. उलटं केलंत तर चिकन दिसलं की तो कुत्रा शोधायला लागेल. माझ्या हिने दोन महिने तेच केलं, चूक माझी.

मुंबईत फूट मिळत नाहीत पण आडोसे मिळतात. रात्री ओळीने लावलेल्या रिक्षा, टेम्पो, पाण्याची टाकी. कुत्रा समोरच्या कुत्र्याला बघू शकला नाही की निम्मं काम झालं. मला आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा नंबर पाठ आहे, इतक्यांच्या मागे लपले आहे.

'चल मागे' हा एक शब्द घरातल्या पॅसेजमध्ये शिकवा. शब्द उच्चारला, तुम्ही वळलात, तो वळला, तुकडा मिळाला. दिवसाला वीसेक वेळा, गंमत म्हणून, संकट नसताना. रस्त्यावर पहिल्यांदा वापराल तेव्हा पायांना सवय झालेली हवी, कारण डोकं त्या वेळी चालत नाही. तुमचंही.

आणि छत्री! बटणाची, मोठी, काळी. टोळी दहा पावलांवर आली की त्यांच्या दिशेने उघडायची. एकतर ती दचकून थांबतात, दुसरं म्हणजे तुमचा कुत्रा त्यांना दिसत नाही. मात्र आधी घरात पावट्याला तिची सवय करा. हळू उघडा, तुकडा द्या, मग आवाज करून उघडा. नाहीतर टोळीआधी तोच पळेल. पावसाळ्यात कुणाचं लक्षही जात नाही, जानेवारीत मात्र लोक वेड्यात काढतात. काढू द्या.

---

डॉ_शेपूट

मी पशुवैद्यक आहे, थोडक्यात लिहितो.

पट्टा आखडून पायांत दाबणं ही सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया असते, पण त्याने कुत्र्याची सुटकेची वाट बंद होते. मग उरतं फक्त चावणं. ताणलेला पट्टाही त्याला हेच सांगतो. छातीवरून जाणारा हार्नेस, साधा सहा फुटी पट्टा, आणि हार्नेस व कॉलर दोन्हींना जोडणारी एक छोटी कडी. डबीतून सुटणारा दोरीचा पट्टा अजिबात नको.

जुंपलीच तर तोंडाजवळ हात घालू नका, कॉलरही धरू नका. पाणी, छत्री, मध्ये सरकवायला काहीही, अगदी दुकानापुढची बाकडी चालेल. दोन माणसं असतील तर दोन्ही कुत्र्यांना मागच्या पायांकडून धरून एकाच वेळी मागे खेचायचं. एकटं असताना हे करू नये.

चाव्याची भोकं बाहेरून चण्याएवढी दिसतात आणि आत कातडी मांसापासून सुटून खिसा झालेला असतो. 'बारीक आहे, हळद लावू' म्हणून चौथ्या दिवशी पू घेऊन येणारे खूप. त्याच दिवशी दाखवा. माणसाला चावलं तर आधी नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. रक्त आलं असेल तर लसीच्या जोडीला जखमेत इम्युनोग्लोब्युलिन लागतं, ते मागून घ्या. कुत्रा घरचा असला तरी डॉक्टरांना दाखवायचंच. तुम्ही ते केलंत, बरं केलंत.

मुसकी वापरायची तर जाळीची टोपलीसारखी, ज्यात जीभ बाहेर काढून धापता येतं, पाणी पिता येतं. कापडी, तोंड आवळणारी मुसकी मुंबईच्या दमट हवेत फिरताना घालू नका. कुत्र्याला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, अंग निववायला धापणं हाच त्याचा मुख्य मार्ग. आणि टोळीचं भय असताना मुसकी घातलेला कुत्रा स्वतःला वाचवू शकत नाही, हेही लक्षात घ्या. तुमच्या बाबतीत ती दवाखान्यात येताना, रस्त्यावर नाही.

शेवटचं. एकदा भडकलेल्या कुत्र्याचं अंग शांत व्हायला वेळ लागतो. सकाळी एक भुंकाभुंक, दुपारी कुणाच्या वरातीचे फटाके, रात्री टोळी, हे सगळं साठत जातं. आठ-दहा दिवस फेरीच बंद करा. शी-शूसाठी सोसायटीचं पार्किंग, बाकी घरात. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत खाणं लपवा, हुंगून शोधू दे. पंधरा मिनिटं नाक चालवलं की तो लांब फेरीसारखा दमतो.

---

मोहरीची_फोडणी

आठ दिवस फेरी बंद?! आमच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगात कुत्रा दिसला तर सेक्रेटरी व्हॉट्सॅपवर फोटो टाकतो.

---

पावट्याची_आई

आमचाही टाकतो. मी वर्तमानपत्र आणि फिनाइल घेऊनच उतरते, त्याचाही फोटो टाक म्हटलं.

---

बोरिवलीकर_काका

ताई, सगळे तुमच्या कुत्र्याबद्दल बोलताहेत. मला त्या चौघांबद्दल विचारायचं आहे. रिकाम्या झालेल्या इमारतीत त्यांना खायला कोण घालत होतं?

आमच्याकडे तीन इमारती पुनर्विकासाला गेल्या आहेत, दर वेळी हेच. माणसांना भाडं मिळतं, ती जातात. कुत्र्यांची इमारत गेली तरी ती तिथेच राहतात. जिना गेला, वाढणारा हात गेला, उरला पत्र्याचा कोपरा. मग तो प्राणपणाने राखतात. तुमचा पावटा रोज दोनदा त्यांच्या उंबऱ्यावरून जातोय.

एक करा. तीन-चार दिवस पावट्याला घरी ठेवून एकट्या फिरा, वेगवेगळ्या वेळी. कुठपर्यंत मागे येतात ते पाहा. टोळीची हद्द ठरलेली असते, एखादा खांब, एखादा मीटरबॉक्स, त्यापुढे सहसा येत नाहीत. कुणाच्या कानाला नसबंदीची खाच आहे तेही बघा. नसेल त्यांच्यासाठी महापालिकेकडे नोंद करा. पण 'उचलून न्या' म्हणून अर्ज करण्यात वेळ घालवू नका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस करून कुत्री त्याच जागी परत सोडतात. त्याच नियमांत खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, गेटपासून लांब असावी असंही आहे. ते तुमच्या कामाचं.

---

पावट्याची_आई

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, मध्ये पाऊस सुरू झाला.

काका, तुमचा प्रश्न बरोबर निघाला. तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी रोज रात्री दूधभात घालायच्या. त्या आता मुलाकडे बदलापूरला. हल्ली साइटचा वॉचमन घालतो. नांदेडकडचे मामा आहेत, रात्री दहाला जेवतात आणि उरलेलं पत्र्याच्या फटीतून बाहेर सरकवतात. म्हणजे सव्वादहाला मी कुत्रा घेऊन बरोबर त्यांच्या ताटावरून जात होते! कानफाट्या काळ्याचं नाव मामांनी सरपंच ठेवलंय. 'चावत नाय ओ, फक्त मीटिंग घेतो,' म्हणाले. मी हातावरचा वण दाखवला. तो पावट्याचा आहे हे सांगितलं नाही.

आता मामा साडेआठला आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला घालतात. चौघांपैकी दोघांच्या कानाला खाच नाही, त्यांची नोंद केली. हद्द पानाच्या टपरीपर्यंत आहे, मी चार दिवस मोजली. पावट्याशिवाय गेले की सरपंच माझ्याकडे बघतही नाही. आठवडाभर मी एकटीच जाऊन त्यांच्या पलीकडे बिस्किटं टाकत होते, आता शेपूट हलवतो. मला त्याचा राग होता, तो थोडा ओसरला आहे, पूर्ण नाही.

फेरी अकरा दिवस बंद ठेवली. 'चल मागे' सासूबाईंनीच शिकवलं, त्या त्याला 'माघारी' म्हणतात, त्यामुळे आता तोच शब्द झाला आहे.

परवा रात्री पहिल्यांदा कोपऱ्यापर्यंत गेलो. सरपंच पत्र्याला पाठ लावून बसलेला. आम्ही दोन रिक्षांच्या मागे. पावट्याने मान पुढे काढून पाहिलं, केस उठले, पट्टा थरथरला. मी श्वास धरून कलेजीचा तुकडा खाली नेला. त्याने एकदा सरपंचाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि घेतला. चार तुकडे झाले. पाचव्याला सरपंच उठून आळस द्यायला लागला आणि पावट्याने भुंकून सगळं नगर जागं केलं. 'माघारी' म्हटलं, वळला. घरी येऊन गोधडीवर मेल्यासारखा झोपला.

आता अडचण अशी की एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात उघडी छत्री, तर कलेजी ठेवायची कुठे? रेनकोटच्या खिशात ठेवली होती, काल लोकलमध्ये बायका लांब सरकून बसल्या.

---

खारी_बटर

भाजीवाल्या मावश्या कमरेला बांधतात ती चेनची पिशवी घ्या. स्टेशनबाहेर मिळते. आतून दुधाची रिकामी पिशवी लावा, धुवायला सोपं जातं. आणि कलेजी उकडून झाल्यावर तव्यावर कोरडी करून घ्या, वास निम्मा होतो.